काटा शून्यावर आणण्याचे दिवस

३ मार्च, सकाळी ९
संकल्प एकच. आठ दिवसांत काटा शून्यावर. आमच्या मोजमापाच्या खोलीतलं नाजूक मीटर चुंबक जवळ आलं की भरकटतं. गेला महिनाभर रोज भरकटतंय. त्याला खास पत्र्याचं कवच करणार, बाहेरचं चुंबकत्व आत शिरायची बिशाद नाही. वीस वर्षं काय झक मारली?

८ मार्च
कवच तयार. फर्स्ट क्लास! मुलीने गेल्या महिन्यात दिलेलं चष्म्याचं घर कवचावरच ठेवतो, हाताशी बरं. काटा हलला. पत्रा पातळ निघाला, त्याला मी काय करू?

११ मार्च
दुहेरी कवच. तरी हलतो. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, तुम्ही रजेवर होतात ते दोन दिवस काटा गप्प होता. काय हे बोलणं! डोकं फिरलं.

१४ मार्च
सापडलं. बाईच! केसांत पिना, मनगटावर घड्याळ, जेवणाचा डबा स्टीलचा. साहेबांच्या कानावर घातलं. आकस अजिबात नाही.

१८ मार्च
बाई सगळं बाहेर ठेवून येतात. मोकळे केस सावरत काम करतात. काटा हलतोच. मग रीडिंगच चुकीची घेत असणार. तेही साहेबांना सांगितलं.

२२ मार्च
बाईंना काढलं. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीवर. रडल्या नाहीत. जेवणाचा डबा उचलला आणि माझ्याकडे न बघता गेल्या. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण कामापुढे इलाज नाही.

२३ मार्च
काटा हलतो. बाईंचा परिणाम उतरायला वेळ लागणार.

२६ मार्च
चष्मा घरासकट घरी विसरलो. रीडिंग साहेबांनीच घेतली. दिवसभर शून्य! म्हणाले, बघा, बाई गेल्या आणि भानगड मिटली. मी मान डोलावली.

तीच तारीख, संध्याकाळी ७
चष्म्याच्या घराचं झाकण बोट लावायच्या आत खटकन मिटलं. टाचणी जवळ नेली. चिकटली. काढली, परत चिकटली. बायकोने विचारलं, जेवायचं नाही का. भूक नाही म्हटलं.
उद्या सकाळी पहिलं काम, साहेबांना सगळं सांगायचं. बाईंना परत बोलवायचं.

२७ मार्च
साहेब कामात होते. चष्मा रुमालात बांधून नेला. काटा शून्यावर.