कुंडलिकेत उतरताना

३ नोव्हेंबर
रोह्यात आले. मागच्या दारातून कुंडलिका दिसते. दवाखान्याबाहेर पाटीही लागली: दिशा, मानसोपचार समुपदेशक. साफसफाईला पारी आहे, नदीकाठच्या वाडीतली. न सांगता तिने चहा ठेवला. इथे रमेन मी.

६ नोव्हेंबर
पहिला पेशंट हितेश. कोलाडला पर्यटकांना नदीत बोटीतून फिरवायचा. वर्षभर पाण्याजवळ जात नाही, आंघोळसुद्धा ओल्या फडक्याने. मी समजावलं, अशी भीती स्वतःच्या अनुभवातून येते, दुसऱ्याला घाबरलेलं पाहून येते, कधी नुसतं ऐकूनही. काही अभ्यासक म्हणतात, काही भीती उपजतच असते, जीव वाचवायला. यातलं काहीच आपलं नाही, म्हणाला. नजर मात्र खाली.

१४ नोव्हेंबर
आज बोलला. बोटीचा दोर खडकात अडकलेला. धरणाचं पाणी सुटायची वेळ झाली होती, तरी त्याने रोजावरच्या पोरीला खाली उतरवलं. लोंढा आला तेव्हा ती बोटीची कड धरून होती. बोट उलटेल म्हणून त्याने तिचे हात सोडवले. आंघोळीला गेली नि बुडाली, असं पोलिसांना सांगितलं.
पोरीचं नाव राणी. पारीची मुलगी.
तो गेल्यावर पारीने विचारलं, "माझ्या राणीचं काय बोलला का ओ तो?"
मी नाही म्हटलं. पेशंटचं बोलणं बाहेर सांगायचं नसतं.
तिने फडकं पिळलं, फरशी पुसून काढली. मग म्हणाली, "बरं. त्याचं भ्या तेवढं घालवा. भ्यानंच तो पान्यात येत नाय."

२५ नोव्हेंबर
आधी बादलीत हात, मग काठावर बसणं. आज घोट्याभर पाण्यात उभा राहिला, हसलासुद्धा. माझी पद्धत लागू पडते आहे. पारी काठावर बसून होती. मी तिला बोलावलं नव्हतं.

२ डिसेंबर
कमरेभर पाणी, संथ. मी शेजारी. त्याने एकदम माझं मनगट पकडलं. पाण्यातून लहान, सावळी बोटं वर आली आणि त्याची पकड सोडवू लागली — एकेक बोट, सावकाश. मी पाहिलं. ओढलं नाही त्याला. ओढता आलं नाही —
पारी उठली आणि घरी गेली.

४ डिसेंबर
हितेशचा पाय घसरला नि तो बुडाला, असंच पोलिसांना सांगितलं. पारीला मात्र सगळं खरं सांगितलं. तिला ठाऊकच होतं. म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हनून थांबलेले. राणीपन थांबलेली."

५ डिसेंबर
नळ बंद केला. ग्लास उचलवत नाही. पाहून आलेली भीती — नाव माहीत आहे. उपयोग नाही.

७ डिसेंबर
पोलिसांच्या जीपमध्ये. हितेश सापडत नाही. नेमकी जागा पाण्यात उतरून दाखवा म्हणतात. मला भीती वाटते म्हटलं, ते हसले.
पारी आधीच आली आहे. जीपचं दार उघडून हात पुढे करते. "चला बाई. माझी राणीपन भ्यायली होती."
आता सांगते. साहेबांना सगळं — आवाज फुटत नाही. तोंडात पाणी. कुठून — लिहून देते. राणीला हितेशने — पान भिजतंय — हितेशने तिला —