खालच्यानं बोलायचं

मंगळवार, १२ मार्च

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण मी जमिनीवर गेलो तर उठवायला दोन माणसं लागतात. तेव्हा उभ्यानेच नमस्कार. पत्रही उभ्यानेच लिहितोय, बुटक्या फ्रिजवर कागद ठेवून. वीस मिनिटं बसलं की कंबर बोंब मारते.

इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे काय, तीन वर्षांपूर्वी तू यायचं सोडलंस तेव्हा होतं तसंच. ही बरी आहे. चिमणी चौथीत आहे. मालकाने मला सामान उचलण्यावरून काढून फोनवर बसवलंय. "कपाट किती दारांचं? लिफ्ट आहे का?" एवढंच दिवसभर. लोक सांगतात, दोन-चार खोकी आहेत, आणि निघतो अख्खा संसार. कामावरची आपली पोरं सामान उतरवून येतात आणि मला खुर्ची पुढे करतात, "बसा आजोबा." अरे, हीच पोरं मला बैल म्हणायची ना? चाळिशी नाही गाठली मी अजून!

आणि सल्ले! ज्याला ज्याला पाठ आहे तो तो वैद्य झालाय. एक म्हणतो शेक, दुसरा म्हणतो बर्फ लाव. एक्स-रेच्या फोटोत काहीच दिसत नाही म्हणे. म्हणजे मी काय नाटकं करतो? शेवटी पाठीच्या डॉक्टरने मला मनाच्या डॉक्टरकडे धाडलं. माझं टाळकंच सरकलं. दुखते पाठ आणि दुरुस्ती डोक्याची! चिठ्ठी चुरगाळून खिशात कोंबली.

पण गेलो. का, ते सांगतो. चिमणीला शाळेच्या कागदावर माझी सही हवी होती. ती दाराशी उभी राहून आईला हळूच विचारत होती, "आज बाबांशी बोललं तर चालेल का?" मी आत पडल्या पडल्या ऐकलं. माझी पोरगी माझ्याशी बोलायला परवानगी मागते, दादा. दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी सरळ केली आणि गेलो.

डॉक्टरीणबाई वहिनीच्या वयाच्या आहेत. कपाळावर आठी म्हणून नाही. मी सांगितलं, झोप नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही. कधी कधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं. त्यांनी ते लिहून घेतलं, नीट विचारपूस केली आणि मग म्हणाल्या, "राग कुणावर आहे?"

मी म्हटलं, "दादावर."

जरासुद्धा अडखळलो नाही. ती गोष्ट मला तोंडपाठच आहे. त्या म्हाताऱ्या बाईंचं सागवानी कपाट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दादा वर, मी खाली. त्यानं वरून सोडलं. मालकाला सांगितली, सासऱ्यांना सांगितली, आणि सगळ्यात आधी दवाखान्यात सगळ्यांदेखत तुझ्या तोंडावर सांगितली. तू एक अक्षर बोलला नाहीस. पुढच्या आठवड्यात तू काम सोडलंस आणि आमच्याकडे यायचंही.

महिन्यापूर्वी वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "हे आता दुसरीकडे नुसती खोकी बांधतात, कशाचंच दुसरं टोक धरत नाहीत. घरातलं टेबल सरकवायचं होतं तर ह्यांचे हात थरथरायला लागले. म्हणाले, माझ्यासमोर कुणाला उभं करू नकोस." मी "असं का" म्हणून फोन ठेवला.

यापुढचं लिहायला मला दोन दिवस लागले. पाठीमुळे नाही.

आपला नियम तूच मला शिकवलास, एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा. खालच्यानं बोलायचं, वरच्यानं ऐकायचं. वजन खालच्यावर येतं, म्हणून शब्द त्याचा. तो खालच्या पायरीवर पाय टेकवून "टेकला, घे" म्हणेपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही. त्या दिवशी सकाळी मी आरशाला ओरखडा पाडला आणि तू मालकासमोर मला झापलंस. मी फुगून बसलो होतो. जिन्याच्या वळणावर तू म्हणालास, "दमानं, घाई करू नकोस." मला वाटलं, झालं, परत अक्कल शिकवायला लागला! आणि मी ओरडलो, "टेकला, घे!"

पाय टेकला नव्हता, दादा. हवेत होता. तू माझा शब्द ऐकलास आणि एक पायरी उतरलास. तू एवढंच केलंस.

हे मला कपाट अंगावर यायच्या आधीपासून माहीत आहे. आधी लाजेनं बोललो नाही. मग सोयीचं झालं. हे दुखणं रोज सकाळी विचारतं, कुणामुळे? मी रोज तुझं नाव सांगायचो. तेवढी दहा मिनिटं बरी जायची. आणि तू तिकडे ते खरं मानून बसलास!

गेल्या आठवड्यात हे सगळं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. वाटलं, आता तरी पाठ हलकी होईल. कसलं काय! तशीच ठणकते. मी त्यांच्यावरही चिडलो. त्या म्हणाल्या, "हे पाठीसाठी नव्हतंच." मग हिला सांगितलं. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बरोबरच आहे. मालकालाही सांगितलं.

आता काम. माझा पलंग आतल्या खोलीतून बाहेर खिडकीपाशी आणायचाय, म्हणजे निदान माणसं तरी दिसतील. पोरं आणून देतो म्हणाली, मी नको म्हटलं. रविवारी तू ये. एक टोक ही धरेल, दुसरं तू. हात थरथरले तर थरथरू देत, पलंगच आहे, खाली ठेवू, पुन्हा उचलू. मी बाजूला उभा राहून नुसता बोलणार. दोन्ही पाय टेकलेले बघितल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द निघणार नाही.

माफी मागत नाही, तो शब्द फार हलका आहे. येशील तेव्हा तोंडावर शिव्या घाल, मी उभ्यानेच ऐकेन.

या वेळी खरंच टेकलाय, दादा. घे.

तुझा,
खालचा