दुरुस्ती, पान दोन

क्लीव्हलंड, ओहायो
रविवार, १५ नोव्हेंबर २००९

प्रिय बर्नी,

माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. गुडघे सोडले तर मी बरी आहे. तू कशी आहेस? जॉन्सटाउनला बर्फ पडला का? चर्चच्या तळघरात बायकांचा अक्रोडाच्या नट-रोलचा कारखाना सुरू झाला असेल. या वर्षीही तूच सगळ्यांना कामाला लावलं असशील आणि घरी येऊन, पाय गरम पाण्यात घालून, एकेकीचा उद्धार केला असशील. हे आपलं मी अंदाजाने लिहितेय. गेल्या सहा वर्षांत ख्रिसमसच्या कार्डापलीकडे आपलं बोलणं नाही, आणि तुझ्या कार्डावर सहीशिवाय काही नसतं.

इथे माझी सव्विसावी टर्की चालू आहे. थँक्सगिव्हिंग आलं की खाण्याच्या पुरवणीत टर्की आलीच. तोच पक्षी, तोच ओव्हन, आणि दर वर्षी वाचकांना काहीतरी नवं सांगायचं. एका वर्षी मी तिला मिठाच्या पाण्यात बुडवली, एका वर्षी कोरडं मीठ चोळलं, एका वर्षी पालथी घालून भाजली. एकदा तर कणा काढून चक्क सपाट केली. आता फक्त तिची माफी मागायची राहिली आहे. शिवाय सणाच्या दिवशी फोनवर बसायचं ते वेगळंच. गेल्या वर्षी एका बाईंचा फोन आला, "अहो, टर्की अजून दगडासारखी आहे, आणि पाहुणे दोनला येणार!" विचारलं, फ्रीझरमधून बाहेर कधी काढलीत? म्हणाल्या, "आत्ताच." मी म्हटलं, "पाहुण्यांना शनिवारी बोलवा." त्यांनी संपादकांकडे माझी तक्रार केली.

खरं सांगू? कंटाळले आहे गं. लोकांना वाटतं, काय मजेची नोकरी, खायचं आणि लिहायचं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी मी लग्नाच्या बातम्या टाइप करायला लागले तेव्हा मलाही तसंच वाटायचं. आता कुणी जेवायला बोलावलं की मी सबब शोधते. घरी एकटी असले की उभ्याउभ्या बिस्किटं खाते. काल तर ताटलीसुद्धा घेतली नाही.

तर बातमी अशी की ही टर्की शेवटची. पेपरने सात जणांना निरोप दिलाय, त्यात मी एक. पुरवणीच बंद होतेय. यापुढे पाककृती कुठल्यातरी एजन्सीकडून येणार, सगळ्या देशाला एकच. माझं शेवटचं पान २५ तारखेला, सणाच्या आदल्या दिवशी. वाईट वाटतंय म्हणावं तर तसंही नाही. खुर्चीतून उठायला कुणीतरी सांगावं याची वाटच बघत होते बहुतेक.

दुसरी बातमी म्हणजे पुस्तकाची. त्याबद्दल तुला पेट्रॅकबाईंकडून कळलं असणारच, गावात त्यांना चुकवून काही होत नाही. न्यूयॉर्कची एक प्रकाशनसंस्था 'आईच्या हातचं' या माझ्या सदराचं पुस्तक काढणार होती. मुखपृष्ठावर आईचा फोटो, १९५८ चा, फुलाफुलांच्या एप्रनमधला. तो एप्रन तिने फोटोपुरता घातला होता आणि मागची गाठ तू मारली होतीस. फोटो काढून झाल्यावर ती डोकं दुखतंय म्हणून आत गेली.

डोकं दुखतंय. आपल्या घरात हे दोन शब्द किती वेळा ऐकले असतील आपण! बाबा पोलाद कारखान्यातून आले की तू दारातच सांगायचीस, "आईचं डोकं दुखतंय," आणि ते बूट काढून मुकाट्याने टेबलाशी बसायचे. टेबलावर जेवण असायचं. शेजारणी विचारायच्या, शाळेतल्या सिस्टर विचारायच्या, उत्तर ठरलेलं. मीही सातव्या वर्षापासून इतक्या सराईतपणे सांगायचे की माझी मला शंका यायची नाही.

चोपन्नाव्या वर्षी एकदा लिहून बघते. आई प्यायची, बर्नी. दार लावून, सकाळी दहापासून. लिहिलं बघ. आकाश काही कोसळलं नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगते. तीन पानं टर्कीत घालवली, यावरून ओळखलंच असशील.

सहा वर्षांपूर्वीची, आईच्या अंत्यविधीनंतरची ती दुपार मी विसरलेले नाही. चर्चच्या हॉलमध्ये लांब टेबलावर हलुश्कीच्या नऊ पराती. कोबी, कांदा, लोणी, नूडल्स, नऊच्या नऊ माझ्या सदरावरून केलेल्या. माझं सदर तिकडच्या पेपरातही यायचं. एकीने तर कात्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परातीशेजारी ठेवलं होतं. बायका रांगेने येऊन तुझा हात हातात घेत होत्या. "अ‍ॅग्नेसच्या हाताला काय चव होती! तुम्ही मुली भाग्यवान." पेट्रॅकबाईही तेच म्हणाल्या. त्यांना तरी ठाऊक होतं ना! तू तेरा वर्षांची असताना कोबीचे गड्डे छातीशी धरून चढ चढायचीस ते त्यांनी व्हरांड्यात बसून दर आठवड्याला पाहिलं होतं. पण छापून आलं की माणसं डोळ्यांनी पाहिलेलंही विसरतात. त्या तशा खोटारड्या नाहीत. त्यांना खरंच तसं आठवायला लागलं होतं.

तू सगळ्यांना धन्यवाद म्हणालीस. नऊही परातींतलं चमचा चमचा खाल्लंस. मग माझ्या शेजारी येऊन एकच वाक्य बोललीस, "कोबी कुणीच पिळला नाही." आणि कोट घालून निघून गेलीस.

लोकांना वाटलं दुःखाने काहीतरी बोललीस. मला कळलं होतं. कोबीला मीठ लावून ठेवायचं आणि मग मुठीत धरून पिळायचं, हे माझ्या पाककृतीत नाही. नाही, कारण ते मला माहीतच नव्हतं. मी टेबलाच्या जेवणाऱ्यांच्या बाजूला असायचे. बाविसाव्या वर्षी नोकरीच्या गावी जाऊन आठवणीने अंदाज बांधला, तोच छापला. तुला एक फोन केला असता तर कळलं असतं, पण फोन कुठल्या तोंडाने करणार होते? वाचकांची पत्रं यायची, नूडल्स चिकट होतात म्हणून. मी उत्तर द्यायचे, लोणी वाढवा.

आता ती दुसरी गोष्ट.

हलुश्की पहिल्यांदा छापून आली तेव्हा तू फोन केला होतास. १९८६, राखेचा बुधवार. उपवासाचे दिवस सुरू, म्हणून बिनमांसाचा पदार्थ. तू एवढंच विचारलंस, "आईने केली?" मी म्हटलं, जागा कमी होती, वॉरनने बदललं. वॉरन म्हणजे तेव्हाचे माझे संपादक. तू म्हणालीस, "असू दे." त्यानंतर ती पाककृती अकरा वेळा छापली, सदराला नावही तिच्यावरूनच मिळालं, आणि दर वेळी मी तुझ्यापाशी वॉरनचंच नाव पुढे केलं. ते वारल्यावरही.

वॉरनने काही बदललं नव्हतं.

पाककृतीच्या वर आम्ही चार ओळी लिहितो, हा पदार्थ कुणाचा, कुठला. मी लिहिलं होतं, 'माझी बहीण बर्नी तेरा वर्षांची असताना दर शुक्रवारी हे करायची.' वॉरनने मला टेबलाशी बोलावलं. पेन्सिल त्या ओळीवर ठेवून म्हणाले, "छान आहे. पण पॉलेट, वाचक विचारेल, तेव्हा आई कुठे होती?"

डोकं दुखतंय, हेसुद्धा सुचलं नाही. मी म्हटलं, "मग आई करा."

"करा म्हणजे? स्वयंपाक आईने केला होता की बहिणीने?"

"आईने."

"मग आधी बहीण का लिहिलंस?"

"चुकून."

त्यांनी ओळीवरची पेन्सिल उचलली. मग म्हणाले, "तूच खोड," आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. तुझं नाव मी खोडलं, बर्नी. माझ्या हाताने.

लाज वाटली म्हणून खोडलं, हे अर्धंच खरं. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर त्यात एक आई होती. शेगडीपाशी उभी, एप्रन बांधलेली, शुद्धीवर असलेली. मला ती इतकी आवडली की मी रडले. मग दर बुधवारी मी तिला काहीतरी रांधायला लावत गेले. सूप, बटाट्याच्या सारणाच्या पियेरोगी, अ‍ॅपल-पाय. ते सगळं तू केलेलं, आणि नाव तिचं. मला आई हवी होती, आणि ती मिळवायला मी तुला पुसत होते. तू नर्सिंगची जागा सोडून घरी राहिलीस म्हणून मी कॉलेजला गेले. तिकडे शिकलेली अक्षरं मी या कामाला लावली.

गेल्या महिन्यात पुस्तकाची अखेरची प्रुफं आली. मी न्यूयॉर्कला मेरेडिथला, म्हणजे तिथल्या संपादिकेला, फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, नाव बदलू, फोटो बदलू, बहिणीच्या हातचं असं करू. तिने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी मायेने म्हणाली, "पॉलेट, बहिणी विकल्या जात नाहीत गं. आई विकली जाते." मी म्हटलं, मग राहू दे. तर राहिलं. पुस्तक येणार नाही. यात मी काही त्याग वगैरे केला असं समजू नकोस. फोन ठेवला आणि चार वाजताच जाऊन झोपले, इतकंच.

उरला पेपर. आमच्याकडे चूक झाली की पान दोनवर, खालच्या कोपऱ्यात दुरुस्ती छापतात. ना सबब, ना रडगाणं. मी एक लिहून स्टॅनकडे नेली. दुरुस्त्या तोच बघतो. चष्मा कपाळावर सरकवून त्याने ती दोनदा वाचली.

"पॉलेट, ही चूक तेवीस वर्षांची आहे."

"म्हणजे जुनी झाली म्हणून चूक राहिली नाही?"

"नाही, पण आपण दुरुस्ती दुसऱ्या दिवशी छापतो, बाई. एव्हाना निम्मे वाचक स्वर्गात गेले."

"उरलेल्या निम्म्यांसाठी छाप."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "बहिणीला विचारलंस?" आणि मी पुन्हा तिथेच. तिसाव्या वर्षी वॉरनसमोर उभी होते तशीच. कारण नव्हतं विचारलं. परत तुला न विचारताच तुझ्याबद्दल छापायला निघाले होते, तेही मोठी शहाणी असल्याच्या तोऱ्यात. म्हणून हे पत्र. मजकूर असा आहे:

'दुरुस्ती. "आईच्या हातचं" या सदरात १२ फेब्रुवारी १९८६ रोजी आणि त्यानंतर अकरा वेळा छापलेली हलुश्कीची पाककृती लेखिकेच्या आईची असल्याचे म्हटले होते. ती लेखिकेची बहीण बर्नडेट हुडॅक (जॉन्सटाउन, पेन्सिल्व्हेनिया) यांची आहे. सदरातील इतर घरगुती पाककृतीही त्यांच्याच आहेत. हलुश्कीसाठी कोबीला मीठ लावून ठेवणे आणि पिळून घेणे ही पायरी सुटली होती. ही चूक लेखिकेची आहे.'

आईबद्दल यात काही नाही. पण लोक मूर्ख नाहीत. तेव्हा आई कुठे होती, हे ते विचारतीलच, आणि मला नाही, तुला विचारतील, कारण त्या गावात तू राहतेस. मेलेल्या आईची अब्रू आजवर तू सांभाळलीस, तिला शेवटपर्यंत अंघोळ तू घातलीस. ते झाकण उघडायचं की नाही हे ठरवायचा अधिकार माझा नाही. मंगळवारी, २४ तारखेला दुपारी चारला पान दोन छपाईला जातं. तू हो म्हणालीस तर ते जाईल. तू नाही म्हणालीस, किंवा काहीच बोलली नाहीस, तर मी स्टॅनकडून कागद परत घेईन. मिठाचं प्रमाण चुकलं असेल तर तेही सांग. अर्धा तास ठेवायचं की जास्त, मला अजून माहीत नाही.

माफी मागत नाही. तू लगेच 'असू दे' म्हणशील, आणि ते मला पुन्हा ऐकवणार नाही. पेपरात काही येवो न येवो, एक गोष्ट तुला माझ्या अक्षरात मिळायला हवी होती. त्या घरात मी एकदाही उपाशी झोपले नाही, बर्नी. एकदाही नाही.

तू जिला वाढलंस आणि वाढवलंस ती,
पॉलेट