रुंद गिरमिट तुइयाला

मी, राइली मार्याता तीहोनेन, कैतावेसी तलावाकाठच्या लेप्पालाहती वाडीत राहणारी, कै. कौको तीहोनेन यांची पत्नी, वय शहात्तर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितलं म्हणून नाही, कोणाच्या धाकाने नाही. उजवा गुडघा आणि डावा कान कामातून गेले आहेत. बुद्धीबद्दल ज्याला शंका असेल त्याने मी जिवंत असतानाच घरी येऊन खात्री करून घ्यावी, कॉफी मिळेल. यापूर्वी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम पहिलं. माझा एकुलता एक मुलगा यार्मो, राहणार ताम्पेरे, याला डोंगरउतारावरचं सगळं जंगल आणि बँकेतली सगळी शिल्लक मिळावी. कायदा त्याला जेवढं देतो त्याहून हे जास्तच आहे, मी वकिलाला विचारून घेतलं आहे. यार्मो वाईट मुलगा नाही. दर रविवारी न चुकता फोन करतो. वडिलांची शवपेटी त्याने पुढून उचलली होती आणि पाय घसरत असतानाही खाली ठेवली नव्हती. पण घर, सौना म्हणजे आमची वाफेची न्हाणी, आणि किनारा त्याला मिळणार नाही. गेल्या शरदात आमचं याबद्दल बोलणं झालं ते असं.

"आई, किनाऱ्यावर चार लाकडी खोल्या बांधल्या तर उन्हाळाभर भाड्याने जातील."

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात तिथे कोण असतं?"

"मी असते," मी म्हणाले.

त्याने विषय बदलला. त्याला माझं मन दुखवायचं नव्हतं, हे मला कळतं. पण त्याच्या डोक्यातल्या त्या तलावात मी नव्हते, हेही कळलं.

कलम दुसरं. घर, सौना, होडी, होडीची शेड, किनारा आणि किनाऱ्याबरोबर येणारा गावाच्या पाण्यातला हिस्सा व मासेमारी मंडळातलं मत, हे सगळं माझी पुतणी तुइया तीहोनेन हिला मिळावं. तुइया ही माझे मोठे दीर ओइवा यांची मुलगी. हे वाचून गावात भुवया उंचावतील, म्हणून कारण लिहिते. कारण लांबलचक आहे आणि ते गिरमिटापासून सुरू होतं.

मी या घरात लग्न करून आले तेव्हा इथे गोठलेल्या तलावाच्या बर्फाला भोक पाडायला एकच गिरमिट होतं, माझ्या सासऱ्यांचं. त्याने पडणारं भोक मुठीएवढं, एकशे पंधरा मिलिमीटर. छोटे पट्टेवाले मासे ओढायला त्याच्यासारखं दुसरं नाही. भराभर फिरतं, खांदे दुखत नाहीत. पण कौको आणि ओइवाभाऊजी त्याच भोकातून हौकीसाठीही गळ सोडायचे. हौकी म्हणजे आमच्या तलावातला लांब तोंडाचा, सुरीसारख्या दातांचा मासा. मोठा असला तर माणसाच्या पायाएवढा भरतो. तो वर यायचा, तोंड भोकात शिरायचं आणि अडकायचं. मग दोघे भाऊ लोखंडी पहारीने कडा फोडायचे, दोर कडेला घासून तुटायचा आणि मासा गळ तोंडात घेऊन खाली जायचा. ते हसायचे, त्याच्या लांबीवरून वाद घालायचे. मला मात्र तो मासा दिसत राहायचा, जबड्यात लोखंड घेऊन बर्फाखाली फिरणारा. त्याला खाताही येणार नाही आणि मरताही येणार नाही.

एका हिवाळ्यात मी सौनाच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली हौकीची वाळकी कवटी काढली, पिशवीत घातली आणि बसने तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने एकेक गिरमिट टेबलावर आडवं ठेवलं, मी त्याच्या तोंडाशी कवटी धरून बघत होते. बशीएवढ्या, म्हणजे एकशे पंचावन्नच्या भोकातून कवटी सहज जात होती. दुकानदार म्हणाला, "झालं की बाई, हेच घ्या." मी त्याला सांगितलं, डोकं जातं पण पोटाचं काय? मार्चमध्ये मादीचं पोट अंड्यांनी तट्ट फुगलेलं असतं. ती वर येतानाच खरवडली गेली, अंगावरचा चिकट थर निघाला, तर परत सोडून काय उपयोग? मला तिला परत सोडायचंच होतं. मोठ्या मादीचं मांस तसंही कापसासारखं लागतं, आणि तलावाची सगळी पिढी तिच्या पोटात असते.

मी दोन्ही घेतली. बशीएवढं डिसेंबरसाठी, जेव्हा बर्फ कोवळा असतो आणि मासे मध्यम असतात. दोनशेचं, वीतभर रुंद, फेब्रुवारीनंतरसाठी. कोणाला निवड करायची असेल तर एवढं लक्षात ठेवावं. मुठीएवढ्या भोकाच्या तिप्पट बर्फ या रुंद गिरमिटाला कापावा लागतो. म्हणून त्याची पाती धारदारच हवीत. ती बोथट झाली की आधी माणूस थकतो आणि मग आळसाने जुनं अरुंद गिरमिट हातात घेतो. जोर लावू नये, पात्यांना आपलं आपण खाऊ द्यावं. आणि काम झालं की भोकाशेजारी खूण म्हणून स्प्रूसच्या झाडाची फांदी रोवावी. वीतभर भोकात मोठ्या माणसाचा पाय जातो. मी फांदी रोवल्याशिवाय एकही भोक सोडलेलं नाही.

ओइवाभाऊजींनी ते गिरमिट बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "राइली, मासे धरायला निघालीस की विहीर खणायला?" तेव्हापासून गावात माझ्या भोकांना 'राइलीच्या विहिरी' म्हणू लागले. म्हणोत. पहिल्या हिवाळ्यात एक विहीर पाडायला मला दोनदा बसावं लागायचं, दुसऱ्या हिवाळ्यात एकदाही नाही.

पुढचं १९८४ च्या मार्चमधलं. ओइवाभाऊजी तेव्हा गावाच्या मासेमारी मंडळाचे अध्यक्ष होते. एका सकाळी तलावाच्या अरुंद भागात ते भुसभुशीत बर्फाने झाकलेल्या भोकात पडले. पाय मांडीपर्यंत आत गेला आणि नडगीचं हाड मोडलं. त्यांची मुलगी तुइया सुट्टीला घरी आली होती, बावीस वर्षांची. हाका ऐकून तीच धावत गेली आणि तिनेच त्यांना ओढून काढलं. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी गावभर सांगितलं की ते राइलीच्या विहिरीत पडले.

मी त्या भागात त्या हिवाळ्यात पाऊलही टाकलं नव्हतं. हे मी सांगितलं. कोणी नाही म्हटलं नाही आणि कोणी हो म्हटलं नाही. माणसं माझ्याकडे न बघता कॉफी ढवळत राहिली.

मग शाळेच्या खोलीत सभा भरली. ओइवाभाऊजी प्लास्टरातला पाय बाकावर ठेवून बसले होते. रुंद गिरमिटाला गावाच्या पाण्यावर बंदी घालावी, असा ठराव त्यांनीच मांडला. मला मत नव्हतं. आमच्या घराचं मत कौकोच्या नावावर होतं, आणि कौको खिडकीबाहेर बघत होता. तेवढ्यात मागच्या रांगेतून तुइया उभी राहिली.

"बाबांना मी बाहेर काढलं," ती म्हणाली. "ते भोक मी बघितलंय. एक नव्हतं, तीन होती, एकमेकांत घुसलेली. मधल्या कडा पहारीने फोडलेल्या होत्या. काकूचं गिरमिट एकच भोक पाडतं, आणि ते गोल असतं."

ओइवाभाऊजी म्हणाले, "तुइया, खाली बस."

ती बसली नाही. "ते भोक तुमचं होतं, बाबा. आदल्या संध्याकाळी मोठा मासा अडकला होता, तुम्हीच घरी येऊन सांगितलंत."

खोलीत सगळे चुळबुळले. मतदान झालं तेव्हा ती अजून उभीच होती. ठराव मंजूर झाला. हात वर करणारे सगळे ओइवाभाऊजींच्या सौनात घाम गाळणारे होते. कौकोने हात वर केला नाही, पण खालीही असा ठेवला की तो विरोध आहे हे कोणाला कळू नये.

त्या संध्याकाळी तुइया कपड्यांची पिशवी घेऊन आमच्या दारात आली. बापाने घराचं दार लावून घेतलं होतं. वसंत संपेपर्यंत ती आमच्या सौनाशेजारच्या खोलीत राहिली, मग शहरात नोकरीला गेली. पस्तीस वर्षं बापलेकीत एक शब्द नव्हता. मार्च आला की मात्र ती माझ्याकडे यायची आणि दोनशेचं गिरमिट पाळीपाळीने फिरवायची. त्या सभेत खरं बोलायची किंमत तिने माझ्यासाठी मोजली. म्हणून किनारा तिचा.

बंदी होती तेव्हाही मी रुंद भोकं पाडायचं थांबवलं नाही. आमच्या पाण्याची हद्द संपते तिथून पुढे शेजारच्या गावाचं पाणी लागतं. त्यांना माझ्या भोकांच्या रुंदीशी काही घेणंदेणं नव्हतं. मी तिथली परवानगी काढली आणि स्कीवरून जाऊ लागले. दुसऱ्या शनिवारी मी दाराबाहेर आले तर कौको घसरगाडीला दोर बांधून उभा होता. रुंद गिरमिट गाडीवर होतं. हद्दीपर्यंत आणि परत, ती गाडी त्याने प्रत्येक हिवाळ्यात ओढली. मला शब्द हवे होते. पण जे मिळालं ते मी नाकारलं नाही.

शब्द शेवटच्या आजारपणात आले. त्याला मी चमच्याने कॉफी देत होते.

"दादा पडला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी पण तिथेच होतो," तो म्हणाला. "पहार माझ्या हातात होती."

"माहीत आहे मला. प्या."

"कधीपासून?"

"सभेपासून. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात ना, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं."

तो हसला, आणि मग रडला. मी त्याला तेव्हाच माफ केलं होतं का, हे विचारू नये. घसरगाडी ओढत होता तेव्हा हळूहळू करत गेले.

कलम तिसरं. रुंद गिरमिट, त्याच्या जादा पात्यांसह, तुइयाला. धार लावायचा दगड सौनाच्या फळीवर आहे. मधलं, बशीएवढं, यार्मोला. तो वापरेल अशी माझी समजूत नाही, पण एखाद्या डिसेंबरात बहिणीने बोलावलं तर हात हलवत येऊ नये. मोटारीचं गिरमिट या घरात कोणी आणू नये असं मी म्हणत नाही, म्हातारपणी तुइयालाही ते लागेल. पण रुंदी कमी करू नये.

कलम चौथं. सासऱ्यांचं अरुंद गिरमिट ओइवाभाऊजींना मिळावं. ते थोरले, ते त्यांनाच मिळायला हवं होतं; सासऱ्यांनी ते धाकट्याला का दिलं हे मला कळलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. छोट्या माशांसाठी ते उत्तम आहे. हौकीसाठी वापरू नये.

कलम पाचवं, जुन्या वैराबद्दल. गेल्या महिन्यात जे घडलं त्यानंतर या कलमाचा कच्चा मजकूर मला बदलावा लागला. ओइवाभाऊजी आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि वृद्धाश्रमात असतात. मार्चच्या सुरुवातीला तिथल्या बाईंचा फोन आला की आजोबांना एकदा बर्फावर जायचंय, आणि ते फक्त तुमचं नाव घेतात. मी तुइयाला बोलावलं. ती येईल असं वाटलं नव्हतं, पण आली. आम्ही त्यांना घोंगड्यात गुंडाळून घसरगाडीवर बसवलं आणि अरुंद भागात नेलं. तुइयाने वीतभर भोक पाडलं. दुपारपर्यंत गळाला मोठी मादी लागली, कुठेही न अडकता वर आली. तुइयाने गळ सोडवला आणि तिला भोकातून खाली सोडलं. ओइवाभाऊजींनी घोंगडं बाजूला सारून भोकात वाकून बघितलं.

"तू त्या दिवशी खरं बोलली होतीस," ते मुलीला म्हणाले.

तुइयाने मान खाली घातली. पण मी ते तिथे संपू दिलं नाही. मी म्हणाले, "भाऊजी, इथे आम्ही दोघीच आहोत, आणि आम्हाला हे आधीच माहीत आहे. जिथे खोटं बोललात तिथे बोला."

महिनाअखेरीस मंडळाची वार्षिक सभा होती. शाळा बंद पडली आहे, पण सभा त्याच खोलीत भरते. ओइवाभाऊजी चाकांच्या खुर्चीतून आले आणि हात वर करून बोलायची परवानगी मागितली. भोक आपलं होतं, पहार आपली होती, आणि राइलीवर घेतलेला आळ खोटा होता, असं त्यांनी मोठ्याने सांगितलं. ठरावाला हात वर करणाऱ्यांपैकी दोघेच आता जिवंत आहेत. ते खाली बघत होते. अध्यक्ष पोरसवदा आहे, बंदी कधीच उठलेली आहे, त्याला काही संदर्भच लागेना. त्याने अदबीने विचारलं की हे इतिवृत्तात लिहायचं का.

"लिहा," मी म्हणाले.

त्याने लिहिलं. मग तुइया उठली, बापाच्या खुर्चीमागे गेली आणि पुढचे विषय संपेपर्यंत खुर्चीचे दांडे धरून तिथेच उभी राहिली.

तेव्हा वैराबद्दल एवढंच. ते मी कोणाच्याही नावे करत नाही. तुइयाला नाही, यार्मोला नाही, गावाला नाही. जे होतं ते मी हयातीतच वापरून संपवलं आहे, आणि माझ्या पश्चात कोणी घर झाडताना ते सापडलं असं म्हणू लागला, तर ते माझं नाही असं समजावं.

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असताना सही करत आहे.

राइली मार्याता तीहोनेन (सही)

लेप्पालाहती, दिनांक ८ एप्रिल २०१९

आम्ही खाली सही करणारे साक्षीदार राइली तीहोनेन यांचे नातलग नाही आणि वरील मजकूर आम्ही वाचलेला नाही. त्यांनी आमच्यासमोर, स्वतःच्या इच्छेने, चष्मा पुसून सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत, आणि सही झाल्याशिवाय कॉफी मिळणार नाही असं त्यांनी आम्हाला आधीच बजावलं होतं.

१. मार्केत्ता वोउतिलाइनेन, घरी येणारी परिचारिका (सही)

२. सेप्पो काइपाइनेन, फिरत्या ग्रंथालयाच्या बसचा चालक (सही)