सातव्या ठोक्याला

ता. ३ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

बाबांच्या छातीचं दुखणं कमी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. आपल्या घरच्या नियमाने घाईचं फोनवर आणि मनातलं कागदावर, म्हणून हे लिहिते.

माझ्या दुसऱ्या जॅझ अल्बमचं रेकॉर्डिंग एप्रिलअखेर आहे. सगळ्या चाली माझ्या, पियानोवाला आणि बासवाला तेच जुने. पहिला अल्बम ऐकून बाबांनी विचारलं होतं, की एवढ्या ठोकाठोकीत गाणं कुठंय? या वेळी त्यांना उत्तर देणार आहे. शेवटची चाल त्यांच्या शिलाई मशीनवर बांधली आहे. सहा ठोके सरळ, सातव्याला अडखळ. मशीनशेजारच्या कापायच्या टेबलाखाली बसून मी ड्रमच्या कितीतरी आधी तोच ताल शिकले. मशीनचा आवाज फोनवर टिपून पाठव, चाल त्यानेच सुरू होईल.

वहिनीला नमस्कार. लोभ असू दे.

तुझी,
ठकू

ता. ११ मार्च

चि. ठकूस अ. उ. आ.

आवाज पाठवला, मिळाला असेल. आपलं मशीन जगभर ऐकू जाणार म्हटल्यावर असंच कसं चालेल? सगळं खोललं, तेल दिलं, सांध्याचा जुना पट्टा काढून कोरा चढवला. बाबा खाटेवरून उठून म्हणत होते, मशीन माझं आहे, मीच चालवतो. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, म्हणून त्यांना दटावून बसवलं आणि मीच पायडल मारलं. कसं लोण्यासारखं चाललंय बघ! बाबा तोंड फुगवून बसलेत. तुझं पत्र मात्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

तब्येतीला जप.

तुझा,
दादा

ता. १६ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

अरे शहाण्या, डोक्याला हात लावायची वेळ आणलीस! त्या पट्ट्याच्या सांध्याची अडखळच तर मला हवी होती. तुझं मशीन शाळेतल्या हुशार मुलासारखं चालतंय. जुना पट्टा टाकला नसशील तर परत चढव आणि पुन्हा टिप. घाई नाही, महिनाभर वेळ आहे. बाबांना सांग, त्यांचा ताल माझ्या दोन्ही वादकांना अजून जमत नाही.

रागावले नाही. थोडीशी रागावले.

तुझी,
ठकू

ता. १४ एप्रिल

चि. ठकूस अ. उ. आ.

तू बाबांना शेवटचं पोहोचवून परत गेलीस त्याला तीन आठवडे झाले. तुझं मागचं पत्र ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. तू समोर होतीस, तरी उघडायचा धीर झाला नाही. फोडलं काल.

पट्टा टाकला नव्हता. तो चढवला आणि पायडल मारलं. अडखळ नाही. सांधा सैल केला, तेल पुसलं, तासभर खटपट केली. समोर तुझी वहिनी काजं करत बसली होती. ती म्हणाली, पट्टा कशाला अडखळेल? बाबांचा डावा गुडघा अडखळायचा. सहा वेळा दाबलं की कळ यायची, मग सातव्याला पाय जरासा उचलून घ्यायचे. दहा वर्षं ती समोर बसून बघत होती. तिला वाटलं, तुला-मला ठाऊकच असणार.

ठकू, ते स्वतः उठले होते गं. मीच त्यांना बसवलं. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तुझा,
दादा

ता. २ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

अल्बम सोबत पाठवला आहे. तू स्वतःला बोल लावू नकोस. मी तरी काय मागितलं? मशीनचा आवाज. बाबांना मशीनवर बसव, असं लिहायचं मलाही सुचलं नाही. त्या पायाजवळ बसून मी ताल शिकले आणि तो दुखतोय हे मला कधी कळलं नाही.

शेवटची चाल तू टिपलेल्या मशीनच्या आवाजानेच सुरू होते. तुझं पायडल सरळ चालतं आणि त्यावर मी सातव्याला पाय उचलते. स्टुडिओत बावीस वेळा वाजवलं. एका परीक्षणात आलंय, की ही तरुण ड्रमर शेवटी शेवटी लंगडते. ते वाचून मला बरं वाटलं, मग खूप रडले. कारण ते माझं लंगडणं आहे, दादा. बाबांचं कुठेच नाही.

मशीन विकू नकोस. मी येईन तेव्हा तू चालव, मी टेबलाखाली बसेन.

तुझी,
ठकू