सशाची बोटं

३ मार्च, सोमवार

झाली! झाली एकदाची फिल्म. दीडच मिनिटाचं कार्टून, पण त्यातल्या सशाने जीव काढला. एक्सपोर्टला लावून खिडकीशी उभी राहिले. समोरच्या गच्चीत एक माणूस चादरी वाळत घालत होता, त्याच्याकडेही प्रेमाने बघितलं.

फाइल निघाली ती अगडबंब. भाचीच्या वसतिगृहातल्या बाई म्हणाल्या, "आमचा फोन जुना आहे हो, वीस एमबीच्या वर काही उतरत नाही." म्हणजे आता दाबा, चेपा, पिळा.

४ मार्च, मंगळवार

वीस एमबीत बसवली. बघते तर सशाने लोकरीचे मोजे घातल्यासारखे हात! बोटं एकमेकांत विरघळलेली. एरवी म्हटलं असतं, चालतंय, बोटांकडे कोण बघतंय? पण हा ससा बोटांनीच बोलतो. भाचीला ऐकू येत नाही. बोटं दिसली नाहीत तर तिच्यासाठी सगळंच बंद.

आणि ती आधीच बंद आहे. कर्णबधिरांच्या शाळेत ठेवल्यापासून ताईशी, स्वतःच्या आईशी, बोलत नाही. व्हिडिओ कॉल लावला की फोन पालथा ठेवते. वय नऊ, राग हेडमास्तरांचा! जाताना हातांनी सांगून गेली, "मला टाकून दिलंस." ताईला ते अजून पचवता आलेलं नाही.

म्हणून ससा. "माझा चेहरा दिसला की ती बघणारच नाही. सशाकडे तरी बघेल," असं ताईचं म्हणणं. ती माझ्यासमोर बसून खुणा करत होती आणि मी तिच्या हातांवरून सशाचे हात काढत होते. मला वाईट वाटतं तिचं. बोलून दाखवत नाही, पण वाटतं.

५ मार्च, बुधवार

सेकंदाला चोवीसऐवजी बारा चित्रं ठेवून पाहिली. बोटं बरी दिसली, पण मधल्या हालचाली गळल्या. ताई किंचाळली, "अगं, मी 'ये' म्हणाले होते! हा तर तिला हाकलतोय!"

मी चिडले. मग दोघी हसत सुटलो. परत चोवीस.

६ मार्च, गुरुवार

ऑफिसातल्या एडिटरला दाखवली. नेहमीसारखा न बघितल्यासारखं करून म्हणाला, "मागे गवत हलतंय ना? तेच सगळं खातंय. प्रत्येक पातं हललं की ते पुन्हा नव्याने साठवावं लागतं, मग बोटांच्या वाट्याला काय उरणार? गवत थांबव."

माझं गवत! अख्ख्या फिल्ममध्ये मला गर्व कशाचा असेल तर त्या गवताचा. वाऱ्याची झुळूक डावीकडून येते, पाती एकामागून एक झुकतात — मान मोडेपर्यंत बसून काढलंय. तो काय सांगतोय! चहासुद्धा त्याच्याबरोबर घेतला नाही.

घरी येऊन ताईला विचारलं, "गवत ठेवू का गं?"

"कुठलं गवत?"

इतक्या वेळा बघितली आहे तिने फिल्म! कुठलं गवत म्हणे.

७ मार्च, शुक्रवार

थांबवलं गवत. एकच चित्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कागदाचा खरखरीतपणा हौसेने वर चढवला होता, तोही उतरवला. चौकट १०८० वरून ७२० वर आणली, फोनवर तेवढी पुष्कळ. दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग लावलं — पहिल्या फेरीत नुसतं बघून घेतं कुठे किती लागेल, दुसरीत दाबतं.

आणि मग लक्षात आलं, फिल्मला आवाजाचा ट्रॅक आहे. मी पियानो लावला होता! भाचीसाठी! सवयीने! उडवला, तेवढीच जागा बोटांना.

अठरा एमबी. ताईच्या फोनवर हात लांब करून बघितली. प्रत्येक बोट सुटं. करंगळीसुद्धा! शेवटी ससा म्हणतो, "तुला टाकलं नाही. तिथे सगळे तुझ्यासारखं बोलतात, मला तितकं येत नाही, म्हणून. माफ कर." ताई रडली. मीही. एडिटरला मेसेज केला: "बरोबर होतास." त्याने अंगठा पाठवला, मेल्याने.

८ मार्च, शनिवार

पाठवली. व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून — नाहीतर ते मेसेजचं ॲप स्वतःच्या अकलेने पुन्हा दाबतं. बाईंनी उघडून तिच्या हातात दिली म्हणे.

९ मार्च, रविवार

काही नाही. ताईने कपाटं आवरली. स्वतःची झाली, मग माझी.

१० मार्च, सोमवार

बाईंनी भाचीचा व्हिडिओ पाठवला. क्वालिटी भयंकर, चेहरा नुसते चौकोन, पण हात नीट दिसतात. सशाचं नाव नाही. सरळ हाक मारली आहे, "आई." मग: "'माफ कर' असं नसतं करायचं. तू नेहमी चुकतेस. रविवारी ये, शिकवते."

रविवार अजून लांब आहे. ताई बॅग भरतेय.