चार ओहम आणि सोळा मात्रा

६ सप्टेंबर, शनिवार

वर्षभराने आज रुख्मिणीने ठेका धरला.

विसर्जनाची मिरवणूक घरावरून गेली. ट्रॅक्टरवर डीजे, भिंती हलत होत्या. मी वैतागून आत गेलो. ही पत्र्याच्या कोठीला पाठ लावून बसलेली, आणि उजवा हात मांडीवर — धा धिन्, धा धिन्. एक ठोका इकडेतिकडे नाही. मला पाहिलं तसा हात पदराखाली गेला.

"ऐकू आलं तुले?" मी ओरडून विचारलं.

"ऐकू नाई आलं. कोठीतून पाठीत आलं."

आणि वर मलाच, "असे काहून पाहून राह्यले? डोकशावर शिंग उगवले काय माह्या?"

विहारातल्या बायांच्या गाण्याची ही पुढारी होती. मागल्या वर्षी पावसाळ्यातला वर्षावास संपला, त्या समारोपाला बाकीच्या बायांचं कडवं संपलं आणि हिने ते तेव्हा सुरू केलं. कोणीतरी खुदकन हसलं. त्या दिवसापासून विहारात मागे बसते, ओठ मिटून. कानाच्या मशीनचं नाव काढलं की अंगावर येते. "मशीन लावली का मानूस म्हातारा होते." अडुसष्टाव्या वर्षी!

यंदाचा समारोप ७ ऑक्टोबरला. एक महिना आहे. त्या दिवशी तिने गावं. बस, एवढंच मागणं.

८ सप्टेंबर

दोन दिवस एकच विचार. रुख्मिणी जऊळक्याची. बाप रेल्वेत गँगमन. लहानपणी अनवाणी फलाटावर उभी राहून ही सांगायची, गाडी आली म्हणून — शिट्टी कोणाला ऐकू यायच्या आधी. तळपायातून कळायचं म्हणे. म्हणजे तिचे कान अजून शाबूत आहेत, फक्त कानांच्या जागी नाहीत!

आपली व्हॅन आहे. निवृत्तीनंतर घेतलेली, जुनी, पण पत्रा दणकट. तिला घुमवायचं.

वाशीमहून मुलीचा, धम्मदीपाचा फोन. "बाबा, आईले डाक्टरकडे न्या. व्हॅनीले कायले नेता?" पोरीला कविता कधी कळलीच नाही.

संध्याकाळी ओट्यावर बसलो. पाऊस उघडला तरी रातकिडे नाहीत. हे सलग दुसरं वर्ष. आमच्या लहानपणी दिवेलागणीला सारं शिवार किर्र व्हायचं, पाढे म्हणताना आवाज चढवावा लागे. फवारण्यांनी सगळं मारलं.

१० सप्टेंबर

वाशीमला गेलो. बसस्टँडच्या मागे मदनसिंगचं गाड्यांत टेप-स्पीकर बसवायचं दुकान. तांड्यावरचा गडी. इंझोरीच्या पोस्टात मी होतो तेव्हा त्याच्या आजीची मनिऑर्डर मीच वाचून द्यायचो. त्याने ओळखलं. "पोस्टमास्तर काका, या वयात डीजे काहाडता काय?"

मी एका खोक्याकडे बोट दाखवलं. त्यावर हे एवढ्या अक्षरांत दोन हजार वॅट.

मदनसिंग हसला. "काका, ते खोक्यावरचे वॅट म्हनजे पोरगी पाहाले आलेल्या पोराचा पगार. सांगाचा येगळा, हातात येनारा येगळा. हातात येनारा बारीक अक्षरात असते. आरएमएस म्हंतेत त्याले. तो पाहाचा."

मग जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, नाहीतर विसरीन. सबवूफर म्हणजे मोठा, तो फक्त धमक देतो. शब्द आणि सूर दारातले छोटे स्पीकर देतात. दोघांना ताकद पुरवणारा ॲम्प्लिफायर. ॲम्पचा खरा वॅट आणि स्पीकरचा खरा वॅट जवळपास सारखा असावा. "लग्नावानी हाय काका. एक लय जोरदार अन् दुसरा मरतुकडा, तं घर चालत नाई." आणि तिसरी गोष्ट ओहम. ॲम्पच्या पाठीवर लिहिलेलं असतं, सबसाठी इतक्या ओहमच्या खाली जायचं नाही. आपला चारचा. सबही चारचा.

एक ॲम्प, एक सब, दाराचे दोन स्पीकर घेतले. "बसवून देतो," तो म्हणाला. मी म्हटलं, मीच बसवीन. चाळीस वर्षं तारखात्याच्या शेजारी बसलोय.

११ सप्टेंबर

दिवसभर खोकं उघडून पाहणं, परत बंद करणं. चौथीत नवं पुस्तक मिळायचं तसा वास.

१४ सप्टेंबर, रविवार

आज फार मोठा शोध लागला. ओहम म्हणजे मात्रा!

आमच्या चौथीच्या गुरुजींनी स्वतः रचून फळ्यावर लिहिलेली कविता. कुठल्या पुस्तकात नाही, आता फक्त माझ्या डोक्यात आहे —

डोंगर उतरे पाऊलवाट
नदीस सांगे गावची बात

ओळीला सोळा मात्रा. गुरुजी बोटांवर मोजून घ्यायचे. मला मोजता यायचं, म्हणता यायचं नाही. लग्नानंतर रुख्मिणीला शिकवली तर तिने दोन दिवसांत चाल लावली. कविता गुरुजींची, मोजणी माझी, गाणं तिचं.

तर मुद्दा असा. पुतण्या धम्मरत्नकडे एक जुना सब पडून होता, तोही चार ओहमचा. मी विचार केला, एक चारचा, दुसरा चारचा, शेजारी-शेजारी मांडले की आठ. ॲम्प म्हणतो चारच्या खाली नको. आपण तर आठ देतोय! ओळीला ओळ जोडली की मात्रा वाढणारच. धमक दुप्पट.

लाल वायर बॅटरीपासून फ्यूज घालून आणली. काळी पत्र्याला लावायची, पण रंग खरडून. ते खरडायला रुख्मिणीच बसली. "पोळपाट घासाले तं तुमी कधी हात लावला नाई," म्हणाली, पण नीट चकचकीत केलं. दोन्ही सबच्या लाल वायरी एकत्र, काळ्या एकत्र. उद्या उद्घाटन.

१५ सप्टेंबर

उद्घाटन झालं. तीन ठोके. मग ॲम्पवर लाल दिवा आणि सगळं चिडीचूप.

रुख्मिणी मोठ्या आशेने आत बसली होती, नवी साडी. दिवा बघून म्हणाली, "हे काय, तुमची मनिऑर्डर परत आली?" आणि उतरून गेली. हसत गेली, पण गेली.

बंद करून पुन्हा चालू केलं. तीन ठोके, लाल दिवा. मोजणी चुकली असेल असं अजूनही वाटत नाही.

१६ सप्टेंबर

मोजणी चुकली.

व्हॅन घेऊनच वाशीमला गेलो. मदनसिंगने मागचं दार उघडलं, दोन सब पाहिले आणि कपाळाला हात लावला. "काका, हे कोनं शिकोलं?"

मी त्याला मात्रांचा हिशेब सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतला. मग मला दुकानामागच्या टाकीपाशी नेलं. एक तोटी सोडली. "पाहा." मग शेजारची दुसरीही सोडली. "आता टाकी लवकर रिकामी होईन का उशिरा?"

"लवकर."

"हां. ओहम म्हनजे अडवनूक. दोन तोट्या जवळजवळ सोडल्या का अडवनूक अर्धी होते. चार अन् चारचे तुमी आठ नाई केले, दोन केले. मशीन सहन करते चार. बिचाऱ्यानं दिवा लावून हात जोडले, नाई तं जळून गेलं असतं."

अडवणूक जितकी कमी तितकं ओझं जास्त. कवितेत असं कधी होत नाही. दोन ओळी जोडून कविता अर्धी झाल्याचं ऐकलंय कोणी? पण तोट्यांना मात्रा कळत नाहीत.

दुसरा सब काढला. एकच ठेवला, चारचा चाराला. मग गेन नावाचं बटण दाखवलं. मी ते पूर्ण फिरवून ठेवलं होतं. "गेन म्हनजे आवाज नोहे काका. टेप किती जोरात बोलते तेवढंच मशीननं आयकावं, तेवढ्यासाठी आहे. फाटाले लागला का मागं घ्याचं."

शेवटी त्याने गाणं लावलं. मला दारातले स्पीकर मुके वाटले. मी बारीक आवाजाचं बटण वर चढवलं. मदनसिंग मागे सरला. "काका, टिटवी बोलून राह्यली ना आतमंधी! कमी करा."

तरुणांचे कान नाजूक झालेत हल्ली.

२१ सप्टेंबर



धम्मरत्नने विहारातल्या ढोलकीवाल्याचा ठेका फोनवर भरून आणला. संध्याकाळी व्हॅन कडुलिंबाखाली उभी केली. रुख्मिणी यायला तयार नव्हती. "पुन्हा लाल दिवा पाहाले येऊ काय?" शेवटी आली. मी ठेका लावला. ती समोर बघत होती, डाव्या हाताचा तळवा दारावर. मग चपला काढून पाय पत्र्यावर ठेवले. फलाटावर ठेवायची तसेच असतील.

चार आवर्तनं गेली. पाचव्याला मांडीवर हात पडायला लागला. आणि मग — मी काहीच बोललो नव्हतो — तिने सुरू केलं. डोंगर उतरे पाऊलवाट. आवाज थोडा घोगरा, वापरात नसलेल्या विहिरीसारखा. पण ठेक्याला एक केसभर सोडून नाही. सोळाच्या सोळा मात्रा ढोलकीवर बसल्या.

मी बोटांवर मोजत होतो. मोजता मोजता डोळ्यांना दिसेनासं झालं.

२२ सप्टेंबर

सकाळी तीच म्हणाली, "चावी कुठी हाय व्हॅनीची?"

२८ सप्टेंबर

गल्लीभर आता आमची व्हॅन प्रसिद्ध. संध्याकाळी चार बाया मागच्या सीटवर दाटीने बसतात, रुख्मिणी पुढे, दारावर हात. मला आत जागा नाही. मी गाडीचा मालक, बाहेर उभा.

शेजारची पौर्णिमा, कॉलेजात जाते, कानावर हात ठेवून म्हणाली, "आबाजी, ढोलकी मस्त आहे, पन ते झांजा कान टोचून राह्यल्या." मला झांजा कुठे ऐकूच आल्या नाहीत. तिला म्हटलं, आमच्या काळी पोरी एवढ्या नाजूक नव्हत्या.

रुख्मिणी मात्र आज गप्प होती. खोदून विचारलं तर म्हणाली, "काई नाई."

२ ऑक्टोबर

आज कळलं.

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात वंदना झाली, नवी पंचशील ध्वजाची काठी लागली. परत येताना व्हॅनमध्ये तिने ठेका बंद करायला लावला. म्हणाली, "एक सांगू? ठोका येते मले. पन बाया काय म्हंतेत ते येत नाई. त्याईनं मंधात एखादं नवं कडवं घातलं तं मी पुन्हा एकलीच पडीन." मग, "तो तुमचा मोठा डब्बा धमक देते. शब्द तं दारातल्या लहान्यातून येते म्हंता ना? मंग माह्या दारातला लहाना गेला."

मदनसिंगकडून मी शिकलो आणि तिने ओट्यावर बसून माझ्यापेक्षा नीट समजून घेतलं.

"तं आना ती मशीन," म्हणाली. "पन विहारात कोनी म्हातारी म्हन्लं तं तुमच्या नावानं बोंबलीन."

४ ऑक्टोबर

वाशीमला धम्मदीपाने कानवालीकडे नेलं. तरुण बाई, समजावून सांगणारी. रुख्मिणीला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबे, आवाज आला की बोट वर. दोन्ही कानांना मशीन लावली. बाहेर आली आणि पहिलं वाक्य लेकीला: "तू लहानपनापासून इतकी कचकच बोलतं काय वं?" धम्मदीपा रडली आणि हसली, दोन्ही एकदम.

मग रुख्मिणी माझ्याकडे वळली. "आता याईचे पाहा."

मी म्हटलं, मला सगळं ऐकू येतं.

"मीबी हेच म्हनत होती."

गेलो काचेत. बसलो. बोट वर करायला फारसं काही आलंच नाही, मला वाटलं त्यांचं यंत्र बिघडलंय. बाईंनी कागदावरची उतरती रेघ दाखवली. जाड आवाज शाबूत, बारीक आवाज गेलेले. "तीनचार वर्षं झाली असतील, काका." मदनसिंगची टिटवी आठवली. पौर्णिमाच्या झांजा आठवल्या. तरी मशीन घेतली नाही. मापं घेऊन ठेवा म्हटलं, बघू पुढे. म्हाताऱ्यासारखं दिसतं.

७ ऑक्टोबर

गायली!

व्हॅन विहाराच्या दाराला लावली, मागचं दार उघडं, ढोलकीवाल्यासमोर माइक, माइकची वायर मदनसिंगने स्वतः येऊन आमच्या ॲम्पला जोडून दिली. रुख्मिणी मध्ये उभी, अनवाणी, कानांत मशीन, पदर मुद्दाम मागे — दिसू दे सगळ्यांना. बायांनी मध्येच एक नवं कडवं घातलं. तिने मान तिरकी केली, ऐकलं, आणि बरोबर त्यांच्यासोबत उचललं. मागल्या वर्षी हसली होती तीच बाई पुढे सरकून तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

खीर वाटताना मदनसिंग म्हणाला, "काका, बारीक आवाज आता बरोबर हाय. कोनं कमी केला?"

रुख्मिणीने केला होता. मला न विचारता.

११ ऑक्टोबर, शनिवार

हट्ट सोडला. मशीन आज आली. दिवेलागणीला ओट्यावर बसून कानात घातली.

रातकिडे.

सारं शिवार किर्र. मी पाढे म्हणत असतानाचे तेच. दोन वर्षं मी इथे लिहितोय, गेले म्हणून. ते रोज येत होते.

रुख्मिणीने आतून हाक मारली, हळूच. मी ओ दिली.